ड्रमची काच आणि बीओईची परीक्षा

बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर, ज्याला आम्ही सरळ बीओई म्हणतो, म्हणजे मोठ्या बॉयलरची जबाबदारी घेण्यासाठी लागणारं सर्टिफिकेट, मला दुसऱ्या खेपेला मिळालं. कारखान्यात नव्याने लागलेली मुलं ऑफ सीझनला हमखास विचारतात, ‘सर, काय वाचलं? किती महिने अभ्यास केला?’ चार पुस्तकांची नावं सांगून त्यांची बोळवण करता येते, पण ते खरं उत्तर नव्हे. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून लिहून काढतोय.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठी. घरची दीड एकर ऊसशेती, वडील कारखान्याचे सभासद. लहानपणी उसाच्या ट्रॉलीबरोबर वडील मला कधीमधी घेऊन जायचे. वजनकाट्याला नंबर लागेपर्यंत आख्खी रात्र यार्डात जायची. गव्हाणीत मोळ्या पडताना दिसायच्या, आत दिवे दिसायचे, आणि मध्येच वाफ सुटल्याचा एवढा मोठा आवाज व्हायचा की बैल कान टवकारायचे. तो आवाज कुठून येतो, हे वडिलांना सांगता यायचं नाही. ‘आत बॉयलर हाय,’ एवढंच म्हणायचे.

दहावीनंतर २००४ ला कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. तिथल्या वर्कशॉपचं माझ्यावर मोठं ऋण आहे. कानस धरायची कशी, गुण्यात जॉब बसतो की नाही हे उजेडाकडे धरून कसं बघायचं, हे तिथे हाताला कळलं. २००७ ला इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये आलो. डिप्लोमावाल्यांचं तिथे काय होतं, हे त्या वाटेने गेलेल्यांना माहीत आहे. मशीन ड्रॉइंगमध्ये आम्ही पुढे आणि गणितात पार मागे. बारावीच्या मुलांना जे इंटिग्रेशन पाठ होतं, ते मी रात्री होस्टेलवर मित्राकडून शिकायचो. थर्मोडायनॅमिक्स मात्र पहिल्या दिवसापासून आवडलं. मोलिअर चार्टवर, म्हणजे वाफेच्या गुणधर्मांच्या आलेखावर, बोट ठेवून वाफ कुठून कुठे गेली हे शोधताना मला आमचं यार्ड आठवायचं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, वाळवण्यावर केला. मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये साधारण निम्मं पाणीच असतं. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने ते थोडं वाळवलं तर तेवढ्याच बगॅसमधून जास्त वाफ मिळते, हे कागदावर मांडलं. २०१० ला आमच्या वर्गातली बरीच मुलं कॅम्पसमधून सॉफ्टवेअर कंपन्यांत गेली. मीही एका मुलाखतीला बसलो होतो. पण शेवटी जिल्ह्याबाहेरच्या एका साखर कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागलो. पगार मित्रांच्या निम्माही नव्हता. घरी आईला हे पटायला वर्ष लागलं.

कारखाना रोज ५,००० टन गाळपाचा. सोबत सहवीजनिर्मिती, म्हणजे ६७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाचा बॉयलर आणि टर्बाइन. उसाच्या साधारण २८ टक्के बगॅस निघतं. म्हणजे दिवसाला जवळजवळ १,४०० टन, आणि त्यातलं बहुतेक सगळं या एका भट्टीत जायचं. साखर कारखान्यातल्या पाळ्या बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतात: पहाटे चार ते बारा, बारा ते आठ, आणि रात्री आठ ते पहाटे चार. पहिला हंगाम मी सगळा आठ-चारला काढला.

तिथे तात्या भेटले. बॉयलर अटेंडंट, वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववी. ते मला ‘साहेब’ म्हणायचे आणि मी त्यांना तात्या. पॅनलवरचे सगळे आकडे त्यांना वाचता यायचे, पण दर तासाला ते स्वतः जिने चढून ड्रमच्या, म्हणजे बॉयलरच्या वरच्या पाणी-वाफेच्या टाकीच्या, मजल्यावर जाऊन पाण्याची पातळी दाखवणारी काच बघून यायचेच. ती काच दुरंगी असते. पाणी हिरवं दिसतं, वाफ लाल. खाली एसी लावलेल्या खोलीत पडद्यावर तीच पातळी टक्क्यांत दिसत असताना या माणसाने गुडघे दुखवून वर कशाला जावं, असं मला वाटायचं. मी तसं एकदा बोललोही. ते म्हणाले, ‘साहेब, पडदा सांगतोय ते तारेतनं आल्यालं. काच डोळ्यांदेखत हाय.’

हीटिंग सरफेस, म्हणजे आगीची उष्णता पाण्याला देणारा पृष्ठभाग, १,००० चौरस मीटरच्या वर गेला की बॉयलरवर बीओई असावाच लागतो. आमच्याकडे एकच होते, चीफ इंजिनिअर साहेबांच्या हाताखालचे, आणि ते निवृत्तीला आलेले. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘तू बस परीक्षेला.’

अर्जापासूनच धडे मिळाले. पदवी, वयाचा दाखला, फोटो या गोष्टी सोप्या. खरी मेख अनुभवाच्या दाखल्यात. कारखान्याने आधी सरळ पत्र दिलं, ‘हे अमुक वर्षांपासून बॉयलर विभागात कार्यरत आहेत.’ अर्ज त्रुटी दाखवून परत आला. दाखल्यात बॉयलरचा एमआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, हवा, हीटिंग सरफेस हवा, दाब हवा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या बॉयलरवर काम केलं ते हवं. हंगामी कारखान्यात ऑफ सीझनचे महिने वेगळे दाखवावे लागले. लॉगबुकच्या जुन्या वह्या काढून मी दोन दिवस तारखा उतरवत बसलो. ज्यांना पुढे ही परीक्षा द्यायची आहे त्यांनी पहिल्या हंगामापासून ही नोंद स्वतःकडे ठेवावी. कारखाना बदलला की ते कागद परत मिळवणं फार जड जातं.

अभ्यास २०१४ च्या ऑफ सीझनला केला. दिवसभर ओव्हरहॉलिंग आणि रात्री क्वार्टरमध्ये पुस्तक. ओव्हरहॉलिंगलाच मी बॉयलर आतून पहिल्यांदा नीट पाहिला. ड्रमचं मॅनहोल लंबगोल, साधारण ४०० बाय ३०० मिलिमीटरचं. दोन्ही हात पुढे करून, खांदा तिरका करून आत सरकावं लागतं. आत २४ व्होल्टचा दिवा, पायाखाली शेकडो नळ्यांची तोंडं, आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीची रेष स्पष्ट उमटलेली. रेषेच्या खाली राखाडी, वर काळसर. वर्षभर ज्या पातळीचा आकडा लिहिला ती रेष मी बोटाने चाचपून पाहिली. नंतर पाण्याचा दाब देऊन हायड्रॉलिक टेस्ट झाली, बॉयलर इन्स्पेक्टर येऊन गेले, पुढच्या बारा महिन्यांचं सर्टिफिकेट मिळालं.

लेखी परीक्षा चांगली गेली. ज्वलनाची गणितं, बॉयलरची कार्यक्षमता, पाण्याची प्रक्रिया, आयबीआरमधली, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीतली, कलमं हे सगळं वाचून येण्यासारखं होतं. सेफ्टी व्हॉल्व्हची आकृती हाताने काढायचा सराव मी इतका केला होता की झोपेतही काढली असती.

तोंडीला मुंबईला गेलो. दुसराच प्रश्न ड्रमच्या काचेवर, म्हणजे गेज ग्लासवर होता, ‘गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. काय कराल?’

मी म्हणालो, ‘स्टँडबाय फीड पंप चालू करून बॉयलरला पाणी सोडीन.’

समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. ‘पाणी दिसत नाही म्हणजे कमीच झालंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? काच पूर्ण भरली असेल तरी रेष दिसत नाही. आणि खरंच कमी झालं असेल, तर तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडणार?’

त्यानंतरची दहा मिनिटं मला आठवत नाहीत. निकाल काय येणार हे परतीच्या गाडीत बसतानाच कळलं होतं.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. पुढच्या पाळीला मला वर घेऊन गेले. बॉयलर चालू होता. हातमोजे घालायला लावले, काचेच्या समोर न थांबता बाजूला उभं केलं आणि काच कशी तपासायची ते माझ्याच हाताने करून घेतलं. आधी खालचा ड्रेन उघडायचा. मग वाफेचा कॉक बंद करून पाण्याची वाट मोकळी आहे का बघायचं. तो उघडून पाण्याचा बंद करायचा आणि वाफेची वाट बघायची. शेवटी दोन्ही उघडून ड्रेन बंद केला की पाणी चटकन आपल्या जागी यायला हवं. चढत काचेच्या पार वर गेलं तर ड्रम भरलाय. आलंच नाही, तर आधी भट्टीत जाणारं बगॅस तोडायचं, पंपाला हात लावायचा नाही. पुस्तकात हे दीड पान आहे आणि मी ते वाचलेलं होतं. पण त्या दिवसानंतर तो क्रम मी कधीही विसरलो नाही.

त्याच हंगामातली, जानेवारीतली रात्र. मी आठ-चारला शिफ्ट इंजिनिअर होतो. एकच्या सुमाराला ऊस मिलकडे नेणाऱ्या केन कॅरिअरची साखळी तुटली, मिल थांबली. चाळीस मिनिटांत फिटरनी ती जोडली आणि गाळप पुन्हा सुरू झालं. दोनच्या पुढे तात्यांचा फोन आला. ‘साहेब, वर या.’

‘पॅनलवर ५२ टक्के आहे तात्या, ठीक आहे.’

‘ते ऱ्हाऊ द्या. वर या आधी.’

वर गेलो. काचेत हिरवं आणि लाल एकमेकांत मिसळून थरथरत होतं, रेष म्हणून काही उरलीच नव्हती. आणि वास. ड्रममधल्या पाण्याचा नमुना थंड करून काढायच्या सॅम्पल कूलरपाशी करपलेल्या काकवीचा वास येत होता. ज्याच्या घरी गुऱ्हाळ असतं त्याला तो वास लांबूनही कळतो. नमुन्याचं पाणी बाटलीत धरलं, तर कोऱ्या चहासारखा रंग.

धावत लॅबला गेलो. परीक्षानळीत पाणी, त्यात अल्फा नॅफ्थॉलचे थेंब, आणि कडेकडेने सल्फ्युरिक अ‍ॅसिड. दोन थर जिथे भेटतात तिथे जांभळं कडं उमटलं. पाण्यात साखर होती.

ती कशी आली, हे त्या वेळी उभ्या उभ्या सुचलं याचं मला आजही समाधान आहे. वाफेने रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या पहिल्या बॉडीची एखादी नळी आधीपासून फुटलेली असणार. गाळप चालू असताना वाफेचा दाब रसापेक्षा जास्त, म्हणून गळती वाफेकडून रसाकडे होते आणि कोणाला पत्ता लागत नाही. मिल थांबली, वाफेचा दाब पडला, आणि रस उलटा वाफेच्या बाजूला ओढला गेला. मिल सुरू झाल्यावर तोच रस कंडेन्सेटबरोबर, म्हणजे वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याबरोबर, बॉयलरच्या फीड टाकीत आला.

कंडेन्सेट ताबडतोब गटारीला सोडलं आणि डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यावर गेलो. टर्बाइनचा लोड कमी केला, ड्रममधलं खराब पाणी काढायला ब्लोडाऊन उघडला, आम्ल मारायला कॉस्टिकचा डोस वाढवला. ड्रमचा पीएच एरवी साडेनऊच्या आसपास असतो, तो सातच्या खाली आला होता. साखर त्या तापमानाला टिकत नाही, तिची आम्लं होतात आणि ती नळ्यांना खातात. डीएमची टाकी दीड तासाच्या वर पुरणार नव्हती. यार्डात तीनशेच्या वर गाड्या उभ्या होत्या, त्यात बैलगाड्याही. त्या गाड्यांच्या बाजूला माझे वडील कसे बसायचे, हे मला दिसत होतं. बॉयलर बंद करायचा म्हणजे त्या सगळ्यांना थंडीत थांबवायचं.

अडीचला चीफ साहेबांना घरी फोन केला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: जांभळं कडं स्वतः पाहिलंस का, आणि काच कशी आहे. मग म्हणाले, ‘थांबव. सकाळी उत्तर द्यायला मी आहे.’

अकरा तास कारखाना बंद राहिला. बॉयलर थंड करून रिकामा केला, पुन्हा भरला, फुटलेली नळी शोधून तिला प्लग मारला. पुढे ऑफ सीझनला बँक ट्यूबमधल्या सहा नळ्या बदलाव्या लागल्या. सहाच. त्या रात्री पॅनलच्या ५२ टक्क्यांवर विश्वास ठेवून चारपर्यंत बसलो असतो तर किती बदलाव्या लागल्या असत्या, त्याचा मी हिशोब करत नाही.

२०१५ ला पुन्हा अर्ज केला. तोंडीला या वेळी दुसरे साहेब होते. त्यांनी विचारलं, ‘गेल्या हंगामात तुमचा बॉयलर कधी अचानक बंद करावा लागला का?’ मी वरचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. ‘कंडेन्सेट लाइनला कंडक्टिव्हिटी मीटर नव्हता?’

‘होता साहेब. पण साखर पाण्यात विरघळून वीज वाहून नेत नाही. शुद्ध साखरेला मीटर बोलत नाही. तिची आम्लं झाल्यावर बोलतो, तोवर ती ड्रममध्ये पोचलेली असते. म्हणून आता आम्ही मिल थांबून सुरू झाली की पहिला अर्धा तास कंडेन्सेट घेतच नाही. नॅफ्थॉलची टेस्ट स्वच्छ आली की मगच घेतो.’

‘हा नियम कोणी केला?’

‘आमच्या बॉयलर अटेंडंटनी सुचवला, चीफ साहेबांनी सही केली.’

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न सेफ्टी व्हॉल्व्हवर विचारला.

सर्टिफिकेट आलं तेव्हा हंगाम तोंडावर होता. अग्निप्रदीपनाची पूजा झाली, भट्टीत पहिलं लाकूड पडलं, आणि दोन दिवसांनी वाफ लाइनला दिली. त्या रात्री लॉगबुक माझ्यासमोर आलं. तासातासाचे रकाने तात्यांच्या ठसठशीत अक्षरात भरलेले होते, आणि ‘काच पाहिली’ या त्यांनीच पूर्वी आखून घेतलेल्या रकान्यात प्रत्येक तासाला बरोबरची खूण. खाली बीओईच्या सहीची जागा मोकळी होती. तात्यांनी पान माझ्याकडे सरकवलं, खिशातलं पेन काढून दिलं आणि म्हणाले, ‘करा साहेब. पण आधी वर जाऊन या.’

मी वर जाऊन आलो आणि मग सही केली.