पंचगंगा पाणीपातळीची साईट बॅकअपवरून परत उभी केली

साईट परत चालू झाली. एक काम अजून राहिलंय, ते शेवटी सांगतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. २००५ च्या महापुरानंतर मी वही घातली आणि २००६ च्या पावसाळ्यापासून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी सकाळ-संध्याकाळ साईटवर चढवतोय. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण अमुक सालच्या अमुक तारखेला पाणी किती होतं हे शोधायचं तर रद्दीच चाळावी लागते. त्यासाठी ही साईट. गेल्या महिन्यात जुन्या होस्टिंगवाल्याचा सर्व्हर बसला आणि त्यांच्याकडचा बॅकअप रिकामा निघाला. माझ्याजवळ घरच्या हार्ड डिस्कवर सीपॅनेलमधून (होस्टिंग सांभाळायचं आपल्या बाजूचं पान) उतरवलेला फुल बॅकअप होता, १.४ जीबीची एकच दाबून बांधलेली टार-जीझेड फाईल.

नवीन होस्टिंग घेतलं, सीपॅनेल उघडलं, बॅकअपच्या पानावर गेलो. पहिला धडा तिथेच मिळाला. फुल बॅकअप आपण स्वतः कितीही वेळा उतरवून घेऊ शकतो, पण तो आख्खाच्या आख्खा परत चढवायची सोय आपल्या सीपॅनेलमध्ये नसते. ते होस्टिंगवाल्याला त्याच्या बाजूने, डब्ल्यूएचएममधून (होस्टिंगवाल्याचं सगळी खाती सांभाळायचं पान) करावं लागतं. आपल्याला मिळतात ते तुकडे: होम डिरेक्टरी वेगळी, डेटाबेस वेगळा, ईमेलचे फॉरवर्डर आणि फिल्टर वेगळे. म्हणून माझा सल्ला, फुल बॅकअपबरोबर हे तुकडेही दर वेळी उतरवून ठेवा. मी ठेवले नव्हते, त्यामुळे फाईल घरीच सोडवली. आत होमडिर फोल्डरमध्ये साईटच्या फाईली आणि मायएसक्यूएल फोल्डरमध्ये डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदी उतरवलेली एक फाईल, दोन्ही नीट होतं.

फाईलींचं काम एका संध्याकाळचं. झिप करून फाईल मॅनेजरमधून पब्लिक एचटीएमएलमध्ये (साईटच्या फाईली ठेवायचं फोल्डर) चढवली आणि तिथेच एक्स्ट्रॅक्ट केली. डंप ६८ एमबीचा होता आणि पीएचपीमायॲडमिनच्या (डेटाबेस हाताळायचं साधन) इम्पोर्टच्या पानावर मर्यादा ५० एमबी लिहिलेली. डंप जीझिप केला, म्हणजे दाबून लहान केला, तर ९ एमबी झाला, तसाच घेतला त्याने. त्याआधी नवा डेटाबेस, नवा युजर आणि युजरला त्या डेटाबेसवर सगळे अधिकार द्यायला विसरू नका. शिवाय सीपॅनेल डेटाबेसच्या नावाआधी खात्याचं नाव जोडतं. खातं बदललं की डेटाबेसचं नावही बदलतं, आणि वर्डप्रेसच्या (साईट ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) कॉन्फिग फाईलमध्ये ते नवं नाव घालावं लागतं. मी जुनी फाईल दुरुस्त करण्याऐवजी नमुना फाईलवरून कोरी बनवली. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

साईट उघडली. रंग तेच, वर नदीघाटाचा फोटो, डावीकडे वर्षांची यादी. आणि जिथे 'कोल्हापूर' असायला हवं तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, मग पुन्हा तोच ए, मग जपानी येनचं चिन्ह. अठरा-एकोणीस वर्षांच्या नोंदी अशा दिसत होत्या. हात गार पडले होते माझे.

राजारामपुरीतल्या मित्राला फोन लावला. तो दिवसभर हेच काम करतो. म्हणाला, "भावा, अक्षरं गेली नाहीत तुझी. चुकीच्या चष्म्यातून बघतोयस. आधी कॅरसेट बघ की."

हे जरा नीट सांगतो, कारण मराठी साईट असणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी लागणार. कॅरसेट म्हणजे कुठले बाइट कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता. यूटीएफ-८ या कॅरसेटमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'कोल्हापूर' म्हणजे क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. प्रत्येकाचा पहिला बाइट एकच, लॅटिन-१ मध्ये, म्हणजे रोमन अक्षरांच्या जुन्या कॅरसेटमध्ये, वाचला की तो रेघवाला ए दिसतो. दुसरा बाइट क, ल, ह, काना, प, र यांना गोल चिन्ह देतो आणि ओकार, हलन्त, ऊकार यांना येन. पडद्यावर मोजले, 'कोल्हापूर'मध्ये येन बरोबर तीन! तेव्हा जीव खाली पडला. बाइट जागच्या जागी होते.

कारण असं. २००६ मधल्या वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाईलमध्ये कॅरसेटची ओळच नसायची. टेबलं लॅटिन-१ ची बनली आणि आत यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे बसले. जुना सर्व्हरही मुळात लॅटिन-१ नेच बोलायचा, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. डंपमध्ये प्रत्येक टेबलाच्या शेवटी लॅटिन-१ लिहिलेलं आहे, तेही आता बघितलं. माझ्या कोऱ्या फाईलमध्ये मात्र यूटीएफ-८-एमबी-४ होतं, म्हणजे डेटाबेस चालवणाऱ्या मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८. त्या एका ओळीत लॅटिन-१ लिहिलं, पान रिफ्रेश केलं आणि कोल्हापूर आलं.

आतली पानं तरी सापडत नव्हती. झिप करताना एचटीॲक्सेस फाईल मागे राहिली होती. पानांचे पत्ते सर्व्हरला समजावणारी ही फाईल लपलेली असते. वर्डप्रेसमध्ये परमालिंकच्या (पानांच्या पत्त्यांच्या) पानावर जाऊन नुसतं सेव्ह केलं की नवी बनते. फाईल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाईली दाखवायची खूण पहिल्याच दिवशी करून ठेवा.

आता राहिलेलं काम: टेबलं खऱ्या यूटीएफ-८-एमबी-४ मध्ये आणायची. सरळ कॅरसेट बदलला तर मायएसक्यूएल ती रेघवाली अक्षरंच खरी मानून कायमची करून टाकतं. म्हणून मजकुराचा प्रत्येक कॉलम आधी बायनरी करायचा, मग यूटीएफ-८-एमबी-४. हे मी डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर करतोय, चालत्या साईटला हात लावणार नाही. आतापर्यंत २००६ ते २०१२ ची पानं तपासून झाली.

काल रात्री २०१९ चं ऑगस्ट उघडून वही शेजारी ठेवली आणि एकेक नोंद ताडून बघितली. ५५ फुटांच्या वर गेलेल्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत वीज नव्हती, वहीतली शाई ओलीने पसरलीय. दोन आकडे वहीत वाचताच येत नाहीत. साईटवर ते आहेत.