जामीनदार मीच होते

काउंटरवरची गर्दी ओसरली की एखादी बाई मागे रेंगाळते. पासबुक भरून झालेलं असतं, तरी जात नाही. मग जाळीशी तोंड आणून हळूच विचारते, "ताई, तुमच्या भावाची दारू तुम्ही कशी सोडवलीत हो?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय (शिवाय दोन वडिलांनी आणि बारावीतल्या एका मुलीने), की मी पतसंस्थेत कर्जखातं बघते की व्यसनमुक्ती, अशी शंका आमच्या मॅनेजरांना यायला लागली आहे. मागे रांग असताना दोन मिनिटांत काही सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

तर, मी सोडवली नाही. सोडवायचं ते गणित, नाहीतर गाठ, फार तर जिन्यात अडकलेलं मांजर. माणसाची दारू दुसऱ्याला सोडवता येत नाही. अकरा वर्षं तोच उद्योग केला, म्हणून खात्रीने सांगते. भाऊ स्वतः तर "सुटली" असंही म्हणत नाही. तो नाशिकच्या अंबडला, धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर काम करतो. म्हणतो, "ताई, मशीन बंद आहे. विकलेलं नाही."

अकरा वर्षं मी केलं काय, ते आधी सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेक जणी आज तेच करत असणार.

२०१४ साली त्याने आमच्याच पतसंस्थेतून घरदुरुस्तीला कर्ज घेतलं. जामीनदार मी. जामिनाच्या कागदावर लोक लग्नाच्या आहेराच्या यादीवर करावी तशी सही करतात. करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम १२८ असं आहे की कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. हे मी रोज दहा जणांना समजावून सांगते आणि घरी विसरते. त्याचे हप्ते थकले की माझ्या पगारातून भरायचे आणि आईला कळू द्यायचं नाही.

आणि जामीन काही फक्त कर्जाला नव्हता. सकाळी त्याला उठवत नसे, तेव्हा सुपरवायझरला फोन मी करायची. एका वर्षात माझ्या तोंडून त्याला चार वेळा कावीळ झाली. शेवटी तो भला माणूसच म्हणाला, "ताई, कावीळ एवढ्या वेळा होत नाही." पवननगरच्या किराणा दुकानातली उधारी मी मिटवायची. पावसात गाडी कुठे टाकून आलाय, ते शोधायला त्रिमूर्ती चौकापर्यंत मी जायची. लग्नकार्यात तो डोलायला लागला की "त्याचं बीपी वाढलंय" हे सांगायलाही मीच. भावजय कधी बोलायला लागली तर तिला गप्प करणारीही मीच. "तो मनाने वाईट नाही गं." नव्हताच मनाने वाईट. पण त्यात तिचं काय भलं झालं?

बाटल्या शोधण्यात मी पोलिसांच्या वरताण झाले होते. गव्हाच्या कोठीत, फ्लशच्या टाकीत, स्कूटरच्या डिक्कीत फडक्यात गुंडाळलेली. हिवाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कूलरच्या वाळ्यात एकदा तीन क्वार्टर सापडल्या. मी त्या मोरीत ओतल्या आणि काहीतरी केल्याचं समाधान घेऊन झोपले. त्याने त्या रात्री आणखी दोन आणल्या. म्हणजे घराचा खर्च वाढला, एवढंच.

देवाचंही करून झालं. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. २०१९ च्या यात्रेत आईने त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळेवर माझा राग नाही. माळ घातल्यावर जन्मात पेल्याला शिवले नाहीत अशी माणसं आमच्या आळीत आहेत. तोही जवळजवळ दोन महिने कोरडा राहिला. मग रंगपंचमी आली. आमच्या नाशकात रंग धुळवडीला नाही, पंचमीला खेळतात, जुन्या गावात पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात, त्यात उड्या टाकतात. तो मित्रांबरोबर तिकडे गेला. संध्याकाळी मी आईकडे आले तर कॅलेंडरच्या खिळ्याला माळ टांगलेली. फेकलेली नाही, तोडलेली नाही, न्हाऊन-धुऊन देवाची वस्तू ठेवावी तशी नीट टांगलेली. पिण्याआधी घरी येऊन, माळ काढून, मग तो गेला होता. मला त्याचं सगळ्यात जास्त रडू त्या दिवशी आलं. माळेचा मान राखण्याएवढा शुद्धीवर होता, आणि तरी गेला. संताप करायचा कुणावर?

जेवणात मिसळायच्या पुडीबद्दल बऱ्याच जणी विचारतात. मीही आणली होती, वरणात घातली होती. त्या रात्री तो प्यायल्यावर चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. पुडीत काय होतं ते देव जाणे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की डायसल्फिरामसारखं औषध असतं खरं, पण ते घेणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात. त्यावर दारू पोटात गेली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साठतं, रक्तदाब कोसळू शकतो, माणूस दगावूही शकतो. पुडी आणू नका.

आता मार्च २०२०. लॉकडाऊन लागला, दुकानं बंद. आई म्हणाली, बरं झालं, आपोआप सुटेल. मलाही तसंच वाटलं. घरातला साठा संपला, पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला घाम. आम्ही म्हटलं, नाटकं करतोय. दुसऱ्या रात्री अडीचला भावजयीचा फोन. तो पलंगावरून खाली पडला होता, दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देतंय. १०८ ला फोन केला. एरवी रात्रभर वाहणारा रस्ता असा सुनसान, की अ‍ॅम्ब्युलन्स लांबून वळताना ऐकू आली. पुढे वॉर्डात तो चादरीवरून काहीतरी झटकत बसला होता. विचारलं तर म्हणाला, "चिप्स उडताहेत, ताई, गॉगल घाल." समोर मशीन चालू आहे आणि धातूचे कण उडताहेत असं त्याला दिसत होतं.

तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी जे सांगितलं, ते अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाला तोंड द्यायला स्वतःला जास्तीच्या वेगाने पळवायला शिकतो. दारू एकदम बंद केली की दाब निघतो, वेग मात्र तसाच राहतो. मग थरथर, झटके, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम. यात जीव जाऊ शकतो. म्हणून फार पिणाऱ्याची दारू घरात कोंडून, शपथा घालून एका रात्रीत तोडायची नसते. दवाखान्यात औषधांच्या आधाराने, दिवसागणिक डोस कमी करत उतरवायची असते. त्याला सलाईनच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, कारण दारूने तेही संपलेलं असतं आणि त्यावाचून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

मे महिन्यात दुकानं उघडली. रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्याच असतील. आमचा एक जण त्या रांगेत होता.

त्यानंतर नातेवाइकांनी एक "सेंटर" सुचवलं. गाडी येते, चार पोरं उतरतात, माणसाला उचलून नेतात, सहा महिने बघायला नाही. खोटं कशाला बोलू, मी फोन लावला होता. मग त्या डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जच्या व्यसनाने होणारे त्रासही मानसिक आजारात धरलेत. पेशंटची तयारी नसताना दाखल करायचं तर तपासणीचे, मुदतीचे नियम आहेत. गाडी पाठवून उचलणं त्यात कुठेच बसत नाही. आणि मग मलाच म्हणाल्या, "तुम्ही कुठे जाता?"

मी कुठे जाणार? मी थोडीच पिते?

पण गेले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांचा आपसातला गट, १९३५ साली अमेरिकेत सुरू झाला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ साली अल-अनॉन निघालं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शाळेच्या वर्गात, तिसरीतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेल्या आम्ही सात-आठ बाया. त्यांचं एक म्हणणं आहे, की हे व्यसन मी लावलेलं नाही, मला ते आवरता येत नाही, मला ते बरं करता येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे हात झटकणं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारची एक बाई सहज म्हणाली, "मी आता त्यांच्या ऑफिसात फोन करत नाही," आणि मला माझी चौथी कावीळ आठवली.

करार कायद्यात आणखी एक कलम आहे, १३०. चालू जामीन, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना दिलेला, पुढच्या व्यवहारांपुरता नोटीस देऊन काढून घेता येतो. झालेल्या व्यवहारांचा नाही. मी तेवढंच केलं. जुनं कर्ज फेडलं, ते माझंच होतं. एका सकाळी, त्याची उतरलेली असताना (रात्री बोलून उपयोग नसतो, रात्री तुम्ही बाटलीशी बोलत असता), आईसमोर त्याला सांगितलं, की आजपासून सुपरवायझरला फोन करणार नाही, उधारी भरणार नाही, हातात रोख देणार नाही. जेवायला कधीही ये. दवाखान्यात जायचं म्हणशील त्या मिनिटाला येईन.

आई माझ्याशी महिनाभर बोलली नाही. भावजय म्हणाली, "तुम्हाला काय, तुमचा पगार चालू आहे." ते खरं होतं, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ती मुलांना घेऊन निफाडला माहेरी गेली. त्याचं काम गेलं. हे वाचायला सोपं वाटतं. त्या काळात रात्री दीडला रिक्षा थांबली तरी मी गॅलरीत जाऊन बघायची. आपण हात काढला आणि माणूस बुडाला तर काय, याची हमी कुणी देत नाही. ज्यांच्या घरी तो बुडाला, त्यांनी काही चुकीचं केलं असंही समजू नका. आणि एक, घरात मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी बाहेर पडा आणि ११२ लावा.

तीन महिन्यांनी तो स्वतः आला. दाराबाहेर चपला काढत म्हणाला, "त्या डॉक्टरबाई अजून तिथेच बसतात का?" का आला, कशाने आला, मला खरंच माहीत नाही. माझ्या नोटिशीमुळे म्हणायचा मोह होतो. तो म्हणतो, धाकटीने फोनवर बोलायला नकार दिला म्हणून. आई म्हणते, सप्तशृंगीने ऐकलं. आठवडाभर दवाखाना, मग महिनाभर व्यसनमुक्ती केंद्र, मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा.

मग जानेवारी २०२२. सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा सरकारचा निर्णय आला आणि "वाइन म्हणजे दारू नाही" हा वाद टीव्हीवर रंगला. आम्ही तर द्राक्षांच्या गावचे! पुण्या-मुंबईची माणसं शनिवार-रविवारी वाइन चाखायला गंगापूर धरणाकडे येतात. त्याला हा मुद्दा फार पटला. एका पेल्याने सुरुवात, आठ दिवसांत पुन्हा क्वार्टर. मीटिंगवाले याला स्लिप म्हणतात. घरच्यांना वाटतं सगळं मुसळ केरात. पण या खेपेला तो पंधराव्या दिवशी आपणहून परत गेला. आधीच्या वेळी परतायला वर्ष लागलं असतं. मध्ये आणखी एकदा घसरला. जून २०२२ पासून मशीन बंद आहे.

न पिणारा भाऊ गोड असेल असं मला वाटलं होतं. तो चहात चार चमचे साखर घालून पितो, तेवढाच काय तो गोडवा. पहिलं वर्षभर चिडचिड, झोप नाही, आणि आम्हा सगळ्यांवर उपकार केल्याचा आव. माझाही राग तेव्हाच वर आला. तो पीत होता तोवर रागवायला फुरसतच नव्हती. भावजय परत आली, पण पगाराचं कार्ड तिच्याकडे असतं आणि ती ते कुठे ठेवते हे मलाही सांगत नाही. शहाणी आहे.

फोन नंबर विचारता म्हणून देते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा. पिणाऱ्याने लावायची वाट बघू नका, तुम्ही लावा.

गेल्या दिवाळीनंतर त्याने आमच्याकडे दुचाकीच्या कर्जाचा फॉर्म भरला. जामीनदाराचा रकाना रिकामा ठेवून काउंटरवर माझ्यासमोर सरकवला. मी म्हटलं, "मी नाही." तो हसला. "वाटलंच होतं," म्हणाला, आणि त्याच्या मीटिंगमधला, आमचाच सभासद असलेला एक रिटायर्ड माणूस घेऊन आला. कर्ज पास झालं. दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जमा होतो. ते खातं माझ्याकडे नाही, दुसऱ्या टेबलावर आहे. सात तारखेला जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडून बघते. बघू नये, पण बघते.