अर्धं ताट

सोमवारची केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. सांगलीत लहान प्राण्यांची प्रॅक्टिस आहे माझी, निम्मा दिवस लसी, गोचीड आणि कानात जातो, त्यामुळे मेंदूची केस आली की मी जरा जास्तच गुंतते.

बंड्या, दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. आयुष्यात कधी फिट नाही आणि एकदम आठवड्यात तीन. आधीच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-बाराची इंजेक्शनं दिलेली (आमच्यात काही कळलं नाही की बी-बारा!) आणि घरच्यांनी प्रत्येक फिटला कांदा नि चप्पल हुंगवलेली. अहो, कांदा ठेवा बाजूला, मोबाईलवर व्हिडिओ काढा, वेळ मोजा, मला तेवढं पुरे! एवढ्या वयात पहिली फिट म्हणजे बहुतेक मेंदूतच काहीतरी वाढतंय. तो सारखा उजवीकडे गोल गोल फिरायचा, कोपऱ्यात गेला की भिंतीला डोकं टेकून उभा. डाव्या बाजूने डोळ्यासमोर हात नेला तर पापणी हलायची नाही, उजवीकडून नेला तर लगेच मिटायची, आणि बाहुल्या मात्र उजेडाला नीट आकसत होत्या, म्हणजे डोळा ठीक, गडबड मेंदूच्या उजव्या अर्ध्यात. एमआरआयसाठी मुंबई, वर भूल, वर खर्च. नको म्हणाले, मीही आग्रह केला नाही. फिट थांबवायला फेनोबार्बिटोन आणि सूज उतरायला स्टेरॉइड चालू केलं.

फिट थांबल्या. मी खूश.

पंधरा दिवसांनी रक्ताला आले तेव्हा घरातल्या मुलाकडून व्हिलालोबोस स्केल भरून घेतला. आजारी प्राण्याचं जगणं कितपत सुखाचं आहे ते मोजायला अमेरिकेतल्या कॅन्सरवाल्या व्हेटने केलेला कागद आहे, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगले दिवस जास्त की वाईट, प्रत्येकाला 10 पैकी मार्क, 35 च्या वर असलं की चालू ठेवायला हरकत नाही. बंड्याला 42. मी म्हटलं छान आहे, चालू ठेवू.

आजी गप्प होत्या. निघताना म्हणाल्या, "डॉक्टर, हा ताटातलं अर्धंच खातो. पोट भरत नाही त्याचं, हुंगत फिरतो. मग मी ताट फिरवते, की उरलेलं खातो." अक्षरशः अंगावर काटा आला. डावं अर्धं ताट त्याच्यासाठी नव्हतंच! पुस्तकात वाचलेलं, पण हे पकडलं आजींनी, तेही रोज दोन वेळा ताट फिरवून, कुणाला न सांगता. मग म्हणाल्या, "तुमच्या कागदात ओळखीचे मार्क कुठं आहेत? मी फाटकातून आले तरी हा उठत नाही आता."

रात्री कागद परत काढला. भूक 10, पाणी 9. पण भूक आणि तहान दोन्ही औषधाने खवळते, फेनोबार्बने पण आणि स्टेरॉइडने पण! ते 19 मार्क बंड्याचे नव्हतेच, माझ्या गोळ्यांचे होते. ते काढले तर उरले 50 पैकी 23, आणि ह्याच कागदावर मी छान म्हणून मोकळी झालेले. "खातोय ना" ह्या दोन शब्दांवर आपल्याकडे माणसांचं पण असंच चालतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. मुलगा चिडला, "काल छान म्हणालात, आज हे?" बरोबरच आहे त्याचं. नंतरच्या दहा दिवसांत रात्रभर फिरणं, भुंकणं, घरात शी-शू, आणि गोळ्या चालू असताना परत दोन फिट. शेवटी त्यानेच फोन केला.

सोमवारी त्यांच्या घरी गेले. सलाईनची सुई लावली, आधी गुंगीचं दिलं. आजी पोळ्या टाकून उठून आल्या, त्याच्या उजव्या बाजूला बसल्या, डावीकडून त्याला दिसत नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हात पुढे केला. बंड्याने तो सावकाश, बोटाबोटांतून चाटला. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ओळखलं बघा."

हाताला पीठ होतं. मी हो म्हटलं.