गाठीला नंबर नसतो

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या शेडचे पत्रे बदलायचं काम होतं. परांची आमची, उंची चौदा मीटर. कोटेशन, गेटपास, पोरांचा विमा हे सगळं दोन दिवसांत उरकलं. अडलं ते एका कप्पीवर. अकरा दिवस सहा माणसं हजेरी घेऊन झाडाखाली बसली, त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहिल्या दिवशी मामा पाइपाला दोर बांधत होते. सेफ्टीचे सर आले. हुबळीकडचे, मराठी समजायचं, पण बोलायचे कन्नडच. गाठीकडं बोट दाखवून म्हणाले, "इदु बेडा. सर्टिफिकेट तोरिसि." म्हणजे, हे नको, सर्टिफिकेट दाखवा.

मामा माझ्याकडं वळले. "तीस वर्सं बांधतोय मी. गाठीला कसलं सर्टिफिकेट गा?"

गाठ बाजूला राहिली. मी शहरातल्या एका दुकानातनं दोर हातातनं सुटला तरी आपोआप दातांत धरून ठेवणारी नवी कप्पी, दोन डी-शॅकल (खिळीनं बंद होणाऱ्या लोखंडी कड्या) आणि पट्ट्याचे स्लिंग (भार उचलायचे फास) आणले. दुकानदारानं सर्टिफिकेटही दिलं. सरांनी कप्पी उलटी केली, चष्मा वर सारला आणि कोरलेला नंबर वाचला. शेवट ४१. कागदावर ४७. कप्पी परत माझ्या हातात.

दुकानात गेलो. "एकाच लॉटचं हाय की, काय फरक पडतोय?" मग "कंपनीला मेल टाकलाय". मग "उद्या या". उद्या गेलो तर मालक लग्नाला. चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर नवं सर्टिफिकेट आलं, शेवट ४१. मी खूश. सरांनी मोबाइल लांब धरून बघितला आणि काही न बोलता मला दाखवला: १ आकडा बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड होता. कुणीतरी संगणकावर बदललेला. त्या वेळी मला जेवढी लाज वाटली, तेवढी दुकानदाराला वाटली असेल असं नाही. फोनवर तो म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" अहो, तेच तर बघत होते!

नंतर घरी बसून तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम २९ वाचलं. उचलायच्या साधनावर किती भार चालतो ते आणि त्याची ओळखखूण, दोन्ही त्याच्यावरच स्पष्ट पाहिजे, रजिस्टरात नोंद पाहिजे, आणि बारा महिन्यांत एकदा तरी सक्षम व्यक्तीकडनं कसून तपासणी पाहिजे, असं त्यात होतं. म्हणजे सर चुकले नव्हते. चुकलो मी. दुकानात पैसे मोजण्याआधी नंबर ताडून घेतला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही तरी ताडून घ्या.

त्या रिकाम्या दिवसांत एक गोष्ट मात्र बरी झाली. सातव्या दिवशी कंटाळून मी मामांना म्हटलं, चला, तुमची गाठ बघूया. पाइप उभा करून कमरेएवढा उचलला. दोर निळा, प्लॅस्टिकचा. मामांनी नेहमीसारखे दोन वेढे आणि वर अर्धी गाठ मारली. पोरांनी झटका दिला आणि दोर पाइपावरनं वीतभर सरकला. मामा गप्प. मग टेंपोतनं जुना काथ्याचा दोर आणला, तीच गाठ मारली. हलली नाही.

त्यांचं शिक्षण कळकावर झालेलं. कळकाला पेरं असतात, दोर तिथं अडतो. काथ्या खरखरीत, ओला झाला की आणखी आवळतो. आता खाली गुळगुळीत लोखंड आणि वर गुळगुळीत दोर. गाठ तीच, पण तिला धरायला काही उरलं नाही. मामांनी आणखी दोन वेढे वाढवले आणि गाठीच्या वरच्या अंगाला पाइपावर एक कपलर (पाइप जोडायचा लोखंडी क्लॅम्प) आवळला, म्हणजे सरकली तरी तिथं थांबेल. ही युक्ती कुठल्या कॅटलॉगात मला दिसली नाही.

नवी कप्पी काथ्यावर चालवू नका, हेही इथंच सांगतो. दातांत चोथा भरतो. तिच्यावर लिहिलेल्या जाडीचाच दोर घ्या. चौदा मीटरसाठी अठ्ठावीस मीटर पुरत नाही, आम्ही पस्तीस घेतला.

शेवटी दुकानाचा नाद सोडून मीच मान्यताप्राप्त तपासनीस बोलावला. त्यानं वजन टांगलं, पट्टी लावून मोजलं, नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचून लिहिला. अर्ध्या दिवसात कागद हातात. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर दहा दिवसांची हजेरी वाचली असती.

काम सुरू झाल्यावर पाइप स्लिंगनं चढवायचे ठरले. एका फासात पट्टा सरकतोय म्हणून सरांनी पाइपाला दोनदा गुंडाळून मग फासातनं काढायला सांगितलं. मामा बघत होते. म्हणाले, "ही माझीच गाठ की. पट्ट्यानं मारलेली." सर हसले. त्यांना मराठी समजतं हे मामा विसरले होते.

कप्पीचा आडवा पाइप दोन उभ्यांना कपलरनं बांधा, एकाला नको. सहा मीटरचा पाइप वीस-पंचवीस किलोचा. खालनं माणूस ओढतो तेव्हा वरच्या टांगणीवर जवळजवळ दुप्पट ओढा येतो. कपलर बादलीतनं चढवताना काठापर्यंत भरू नका आणि उघडा एस हूक वापरू नका. बादली आडव्या पाइपाला अडली की हूक अलगद निसटतो. खटका असलेलाच हूक घ्या. आणि "हाबेस" (वर घे), "आरिया" (खाली सोड) ओरडणारा माणूस एकच ठेवा. आमच्यात गोकाकचे दोन, बिहारचे दोन आणि बाकी खानापूरचे. पहिल्या दिवशी तिघं एकदम ओरडत होते आणि दोरावरचा बिचारा कुणाचं ऐकायचं म्हणून नुसता उभा होता.

कप्पीची पुढची तपासणी फेब्रुवारीत. कागद लॅमिनेट करून टेंपोत ठेवलाय. मामा त्यावर चहाचा कप ठेवतात.