तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात आमची गाडी एवढी हळू का
म्हापशात कोणाला कळलं की मी मुंबईला मांडवी एक्स्प्रेसने निघालेय, की ठरलेला प्रश्न येतो. मोपाला विमान आहे, वंदे भारत आहे, मग बारा-बारा तास त्या गाडीत कशाला, आणि पावसात तर ती जास्तच रेंगाळते ती का? आता लेकीचे ठाण्याचे शेजारीपण विचारतात, म्हणून एकदा नीटच सांगते.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे सातशे चाळीसेक किलोमीटर आहे आणि रोहा ते वीर हा तुकडा सोडला तर सगळी सिंगल लाईन. समोरून राजधानी येत असेल तर आपली गाडी कुठल्यातरी लहान स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर उभी राहणार, क्रॉसिंग म्हणजे समोरची गाडी पुढे गेल्याशिवाय हलणार नाही. लोक म्हणतात उगाच थांबवलीय. उगाच कशी हो, दुसरा रूळच नाही तर ती जाणार कुठून?

आणि पाऊस. जून ते ऑक्टोबर इथे वेगळं टाईमटेबल असतं, मुसळधार लागला आणि समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नाही असा नियम आहे. वंदे भारतही यातून सुटत नाही, एरवी पावणेआठ तासांत जाणारी ती पावसात दहाएक तास घेते, शिवाय आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. हे डोंगर कापून रूळ टाकलेत, कटिंगच्या दोन्ही बाजूंना जांभा आणि माती, पाणी मुरलं की ती कधी सुटेल सांगता येत नाही. आमच्या पेडण्याच्या बोगद्याचंच बघा, तिथली माती इतकी मऊ की खणता खणता कोसळायची, कामगारांचे जीव गेले, सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला तो त्या बोगद्यासाठी थांबूनच. २०२४ च्या जुलैत त्यात पुन्हा पाणी शिरलं तेव्हा गाड्या रद्द झाल्या, काही लोंढा-मिरजमार्गे वळवाव्या लागल्या.

२२ जून २००३ ची रात्र कोकणात कोणी विसरलेलं नाही. वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी हॉलिडे स्पेशल दरडीवर आदळली, ५० हून जास्त माणसं गेली. सुट्टी संपवून घरी निघालेली माणसं होती ती. नंतर कटिंगना जाळ्या बसल्या, वेग बांधला, आणि पावसाळाभर ट्रॅकमन रात्रीचेसुद्धा रुळावरून चालत गस्त घालतात, हातात टॉर्च, डोक्यावर धो धो पाऊस. खिडकीतून असा एखादा माणूस दिसला की मला मनापासून हात जोडावेसे वाटतात. गाडी लेट झाली म्हणून जो चिडतो त्याला मी हेच सांगते.

मग मांडवीच का, तर एक म्हणजे आमचे निम्मे नातेवाईक सावंतवाडी-कुडाळचे, वंदे भारत आमच्या थिवी स्टेशनाहून सुटली की थेट कणकवलीला थांबते, मांडवी सावंतवाडी आणि कुडाळ दोन्हीकडे थांबते, तिथून कोणीतरी चढतं नाहीतर डबा तरी देऊन जातं. दुसरं म्हणजे ती दिवसाची गाडी. रात्रीच्या कोकणकन्येने सगळं झोपेतच मागे जातं, रत्नागिरीच्या अलीकडचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच आहे, त्यावरून जाताना खाली झाडांचे नुसते शेंडे दिसतात, आणि रत्नागिरी सोडली की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, लहान मुलं तो संपेपर्यंत ओरडत असतात. समुद्र मात्र फारसा दिसत नाही, त्या आशेने येऊ नका, पण पावसात प्रत्येक कटिंगमधून पाणी कोसळत असतं, स्लीपरची उघडी खिडकी मिळाली तर फार छान.

गणपतीत यायचं असेल तर रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं आणि भराभर वेटिंगला जातं, त्याच सकाळी बुकिंगला बसा. आणि पावसाळी टाईमटेबल बघितल्याशिवाय स्टेशनवर येऊ नका, काही गाड्या गोव्याहून नेहमीपेक्षा लवकर सुटतात.