पगारपत्रकातले दोनशे रुपये

पगारपत्रक हातात आले की बहुतेकांची नजर आयकराच्या कपातीवर जाऊन थांबते. तिच्या आसपासच ‘व्यवसाय कर’ अशी दोनशे रुपयांची एक ओळ असते. फेब्रुवारीत ती तीनशेची होते आणि वर्षाचे अडीच हजार पुरे होतात. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही ती कधी नीट वाचली नव्हती. एकदा लेखा विभागातल्या सहकाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, “सगळ्यांचेच कापतात, त्यात काय विचारायचे?” हे पैसे महाराष्ट्रात मुळात कशासाठी कापले जाऊ लागले, ते मला बऱ्याच उशिरा कळले, आणि कळले तेव्हा आजीच्या हातांची आठवण झाली.

आजी माणदेशातली. १९७२ च्या दुष्काळात तिने वर्षभर खडी फोडली आणि पुढे पाझर तलावाच्या भरावावर माती वाहिली. तिच्या डाव्या अंगठ्याचे नख कायमचे वाकडे झाले होते, हातोड्याचा घाव चुकल्यामुळे. दुष्काळाच्या तिच्या आठवणी खाण्यापासून सुरू होत: रेशनवर मिळणारी लालसर मिलो ज्वारी, तिच्या न फुगणाऱ्या भाकऱ्या, कामावर वाटली जाणारी सुकडी. पण ती सर्वांत रंगून सांगे ती गोष्ट निराळीच होती. गावाजवळचे काम संपले तेव्हा पन्नासहून अधिक बाया उन्हातून चालत तालुक्याला गेल्या आणि मामलेदार कचेरीच्या आवारात बसून राहिल्या. “धान्य नगं, काम द्या म्हणलो. उठा म्हणलं तर उठलोच न्हाई,” एवढेच ती सांगे, आणि हसे. त्या बसण्यात पाटलांच्या घरची सून होती आणि गावकुसाबाहेरच्या बायाही होत्या. दुष्काळाने जात मोडली असे मी म्हणणार नाही, कारण पाण्याचे माठ कामावरही वेगळेच होते हे तिनेच सांगितले होते. पण मागणी मात्र एकच होती.

अशी बसकण केवळ आमच्याच तालुक्यात झाली नव्हती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, आणि कामे काढा, मजुरी वेळेवर द्या, यासाठी मोर्चे व घेराव ठिकठिकाणी चालले होते. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरत होत्या. रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला सरकारने काम द्यायचे ही कल्पना जुनीच होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६० च्या दशकात तिचा प्रयोगही केला होता. परंतु चांगली कल्पना टिपणीच्या रूपात कपाटात राहणे आणि तिचा कायदा होणे यांत जे अंतर असते, ते त्या पन्नास लाखांच्या रेट्याने कापले गेले, असे माझे मत आहे. पागे यांचे श्रेय त्यामुळे उणे होत नाही. त्यांनी योग्य वेळी योग्य मसुदा तयार ठेवला होता.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यातली खरी उलथापालथ खर्चाच्या क्रमात आहे. एरवी सरकार आधी तरतूद ठरवते आणि मग तेवढ्यात बसतील तितक्या माणसांचा विचार करते. इथे माणसाने आधी काम मागायचे, पंधरा दिवसांत ते द्यायचे, आणि पैसा कुठून आणायचा हे सरकारने पाहायचे. काम न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता. पैशाची सोय म्हणून १९७५ पासून शहरी नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला गेला, सोबत आणखी काही कर व अधिभार आले, आणि जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्याने आपल्या पदरची घालायची असे ठरले. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत कायद्याने एक वाट आखली. माझ्या पगारपत्रकातली ती ओळ म्हणजे याच वाटेचे एक टोक.

मात्र ही वाट पुढे अरुंद होत गेली. एका ठिकाणी किमान ५० मजूर मिळत असतील तरच नवे काम सुरू होई, त्यामुळे एकट्यादुकट्याच्या मागणीला किंमत नव्हती. बेकारी भत्ता क्वचितच कुणाच्या हाती पडला. १९८८ मध्ये मजुरीचे दर एकदम वाढले, ते वाढायलाच हवे होते. पण त्यानंतर कामेच कमी काढली जाऊ लागली आणि मनुष्यदिवस, म्हणजे मजुरांना मिळालेल्या कामाचे एकूण दिवस, झपाट्याने घसरले. हक्क पुस्तकात शाबूत राहिला, फक्त त्याच्यापर्यंत पोहोचणे अवघड झाले. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपयांवरून २,५०० रुपये झाली, आणि आजही ती तेवढीच आहे. १९८८ चे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांत किती अंतर आहे, हे किराणा आणणाऱ्या कुणालाही विचारावे. आपल्या घरचे भाडे, शाळेची फी, पेट्रोल यांतले काहीच तिथे थांबलेले नाही.

आजीच्या पाझर तलावाबद्दलही मला एक गोष्ट खटकत आली आहे. तलाव चांगला झाला. त्यामुळे खालच्या बाजूच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले आणि तिथे ऊस उभा राहिला. आजीची तीन एकर जमीन मात्र वरच्या माळावर होती. माती वाहणाऱ्यांना मजुरी मिळाली आणि पाणी ज्याची जमीन उतारावर होती त्याला मिळाले. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आली. तिने डाळिंब आणि बोरांच्या बागा उभ्या केल्या, कोरडवाहू शेतकऱ्याचे भले केले, परंतु तिचा लाभ घ्यायलाही आधी सातबारा लागे. तलावाचे पाणी घामाच्या हिशेबाने वाटावे, असा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मीही तो आजी हयात असताना विचारला नाही.

संपूर्ण देशासाठी रोजगार हमीचा कायदा २००५ मध्ये झाला, तो महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार घेऊन. पण कायदा कोणताही असो, गाडी अडते ती पोच या एका कागदावर. काम मागण्याचा अर्ज नमुना ४ मध्ये द्यायचा असतो आणि त्याची दिनांकित पोच मिळाली तरच पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते. म्हणून अर्ज ठेवून घेतात. पोच मात्र देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझी चुलत वहिनी तीस-बत्तीस जणींसह ग्रामपंचायतीत गेली. “अर्ज ठेवा, पोच मागाहून घरी देतो,” असे तिथे सांगण्यात आले. त्या बाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या. कुणी शेंगा आणल्या होत्या, त्या सोलून झाल्या. दुपारी कार्यालयाचे दार बंद झाले, साडेतीनला पुन्हा उघडले, तरी त्या तिथेच होत्या. सहाच्या सुमारास वहिनीने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. निळा शिक्का जरा तिरका उमटला होता आणि खाली बॉलपेनने तारीख घातली होती.