लसीनंतर चढलेली साखर आणि सरांची वही

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या ओपीडीत येणाऱ्या मधुमेही रुग्णांचे निम्मे प्रश्न साखरेविषयी नसून कोविडच्या लसीविषयी असत. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळीस ते एकोणसाठ वयाच्या लोकांना, तर १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सगळ्यांनाच लस खुली झाली होती. सातारा जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी सकाळी सातपासून लसीकरण केंद्रासमोर रांग लागत असे आणि तिथून परतताना माणसे थेट माझ्याकडे डोकावत. गोळ्या चालू ठेवून लस चालते का, शुगर किती असली तर लस घ्यायची नाही, इन्सुलिन आणि लस एकाच दिवशी घेतले तर काही होते का, या प्रश्नांची उत्तरे देऊन देऊन ती मला पाठ झाली होती. शुक्रवार, ९ एप्रिलला एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न मात्र त्या यादीतला नव्हता.

सरांचे वय तेव्हा त्रेसष्ट होते आणि त्यांना मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती. मेटफॉर्मिन आणि अल्प मात्रेतील ग्लिमेपिराइड एवढ्यावर त्यांची साखर उत्तम राहत असे आणि त्याचे बरेचसे श्रेय औषधांपेक्षा त्यांच्या शिस्तीला होते. त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या बांधणीची दोनशेपानी वही होती. तीत तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, चालणे आणि शेरा असे रकाने पट्टीने आखलेले असत. साखर एकशेऐंशीच्या वर गेली की तो आकडा लाल शाईत उतरत असे आणि शेऱ्यात आरोपीचे नावही असे, उदाहरणार्थ ‘मुंज, जिलबी दोन’ किंवा ‘पाहुणे, चहा साखरेचा’. मी ती वही पाहताना नेहमी शेऱ्याचा रकाना आधी वाचत असे, कारण प्रयोगशाळेच्या कागदावर न दिसणारे आयुष्य त्यात असायचे.

त्या दिवशी त्यांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली तेव्हा अर्धे पान लाल होते. मंगळवारी, ६ तारखेला सकाळी त्यांनी कोविशिल्डची पहिली मात्रा घेतली होती. त्या सकाळची उपाशीपोटीची साखर ११४ होती. रात्री थंडी वाजून ताप आला, अंग ठणकले, त्यांनी पॅरासिटामॉल घेतले आणि बुधवारी सकाळी आकडा १८६ निघाला. बुधवारी जेवणानंतर २७८, गुरुवारी सकाळी २०४, गुरुवारी जेवणानंतर ३१२ आणि शुक्रवारी सकाळी १९८. ताप गुरुवारी पहाटेच उतरला होता, भूक नेहमीसारखी होती, गोळ्या एकदाही चुकल्या नव्हत्या. चार दिवसांचा शेऱ्याचा रकाना मात्र कोरा होता.

“मॅडम, इथे काय लिहू ते सांगा,” सर म्हणाले. “लस लिहिले तर गावात उद्या कोणी लस घेणार नाही, आणि नाही लिहिले तर माझी वही खोटी पडेल.”

त्या दिवसांत हे बोलणे अतिशयोक्त नव्हते. लसीविषयीच्या अफवा वाड्या-वस्त्यांवर पोचल्या होत्या आणि सरांच्या शब्दाला गावात वजन होते.

ताप आला की साखर चढते ही गोष्ट मधुमेह तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला नवी नाही. शरीरात संसर्ग शिरतो तेव्हा प्रतिकारशक्तीच्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक द्रव्ये सोडतात, सोबत कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन वाढते, यकृत साठवलेले ग्लुकोज रक्तात सोडू लागते व नवेही तयार करते, आणि स्नायू मात्र इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात. लस हा खरा संसर्ग नसला तरी प्रतिकारशक्तीला तिची दखल घ्यायची असते, किंबहुना तेच तिचे काम आहे, आणि लसीनंतरचा ताप हा त्याच घडामोडींचा भाग असतो. त्यामुळे बुधवारचे आकडे मला फारसे खटकले नाहीत. खटकला तो गुरुवार दुपारचा ३१२, कारण तोवर ताप उतरून अर्ध्याहून अधिक दिवस झाला होता.

म्हणून एकेक शक्यता तपासायला सुरुवात केली. सर्वांत आधी यंत्र. उन्हाळ्यात ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली किंवा खिडकीपाशी ठेवली की आकडे भरकटतात; शिवाय आंबा किंवा द्राक्षे हाताळून हात न धुता बोटाला टोचले तर बोटावरच्या फळाच्या रसातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळून भलताच आकडा दिसतो, आणि एप्रिल हा नेमका त्याच गमतीचा महिना. मी सरांच्या शिरेतील रक्त प्रयोगशाळेत पाठवले आणि त्याच क्षणी त्यांच्याच यंत्रावर बोटाचा थेंब तपासला. यंत्राने २६८ दाखवले, प्रयोगशाळेने २५९. म्हणजे वही खरे बोलत होती.

मग खाणेपिणे. त्या वर्षी घरोघरी काढा शिजत होता आणि त्यात गूळ किती पडतो हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नसे. सरांच्या पत्नीने ठामपणे सांगितले की त्यांचा काढा आले, तुळस, मिरी आणि पाणी एवढाच असतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या ते घेत नव्हते. त्यानंतर मी जो प्रश्न विचारला तो त्या काळात सर्वांत महत्त्वाचा होता: तापासाठी कुणी एखादी बारीक गोळी दिली होती का? कोविडच्या त्या दुसऱ्या लाटेत डेक्सामेथासोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या लोक भीतीपोटी घेत होते, आणि स्टेरॉइडने साखर अशीच, विशेषतः दुपारनंतरची, उसळते. सरांनी खिशातून औषधांच्या पाकिटांचा गठ्ठा काढून टेबलावर मांडला. त्यात स्टेरॉइड नव्हते.

चालणे बंद पडले होते, हे खरे. रोज पहाटे तासभर चालणारा माणूस तीन दिवस खाटेवर होता. पण एवढ्याने उपाशीपोटीची साखर ऐंशी-नव्वद अंकांनी वाढावी हे मला पटेना. पूर्वी पाय मुरगळून पंधरा दिवस घरी बसल्याची नोंद त्याच वहीत होती आणि तेव्हा आकडे जेमतेम वीस-पंचवीसने हलले होते.

एक शक्यता उरली होती आणि तीच मला सर्वांत जास्त भेडसावत होती: लसीकरणाच्या रांगेत उभे असतानाच सर कोविडने बाधित झालेले असतील तर? लसीचे संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि गावात संसर्ग घरोघरी पसरत होता. ऑक्सिजनची पातळी ९७ होती, छाती स्वच्छ होती, लघवीत कीटोन (इन्सुलिन फार कमी पडले की शरीरात साठणारी आम्ले) नव्हते, जंतुसंसर्गाची चिन्हे नव्हती, पाय आणि दातही पाहून घेतले. रक्तातील सीआरपी, म्हणजे शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन, थोडे वाढलेले होते, पण तापानंतर ते वाढणारच. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि आरटीपीसीआरसाठी नमुना पाठवला.

सर नमुना देत होते, त्याच सुमारास बाहेरच्या बाकावर एका ऊस बागायतदाराला त्यांच्या मुलाने आणून बसवले. वय बावन्न, पाच दिवसांपूर्वी लस घेतलेली, साखर ४३८. मुलगा आत येता येताच म्हणाला, “मॅडम, लशीचंच आहे हे. शेजारच्या गुरुजींचीपण वाढलीय म्हणं. दोन दिवसांत उतरंल ना?” बोटाला ऑक्सिमीटर लावला तर पातळी ९१. श्वासाचा वेग मोजण्याचीही गरज नव्हती, तो डोळ्यांना दिसत होता. अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली. त्यांना लस बाधली नव्हती. लस घेतली त्या दिवसाच्या आगेमागे कधीतरी विषाणू शरीरात शिरला होता, आणि घरच्यांनी ताप, धाप व चढलेली साखर या तिन्ही गोष्टी लसीच्या नावे टाकून दोन दिवस वाट पाहिली होती. पुढचे दोन तास खाट शोधण्यात गेले. संध्याकाळी ती मिळाली, ते वाचले, आणि पुढे काही महिने त्यांना इन्सुलिन घ्यावे लागले. मे महिन्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण दिसू लागले आणि त्यांतील अनेकांची साखर अनियंत्रित होती, तेव्हा त्या संध्याकाळी धावपळ केली ते किती बरे झाले हे वेगळे सांगायला नको.

या दोन माणसांना एकाच दुपारी पाहिले नसते तर लसीनंतरच्या साखरेविषयी माझे मत आजच्याइतके स्पष्ट झाले नसते. ‘लसीमुळे’ हा शब्द रुग्णाच्या तोंडून येतो तेव्हा दोन चुका सहज होतात. डॉक्टर तो हसण्यावारी नेतात, किंवा घरचे लोक तोच निदान म्हणून स्वीकारतात. माझ्या मते लस हे कारण यादीत असावे, पण सर्वांत शेवटी, बाकीची नावे खोडून झाल्यावर.

सरांची बाकीची नावे जवळजवळ खोडून झाली होती. आता उपचाराचा प्रश्न होता. ग्लिमेपिराइड वाढवणे सोपे होते आणि सरांचीही तीच अपेक्षा होती. मी ते टाळले. ही वाढ आली तशी ओसरणार असेल, तर वाढवलेली गोळी आठवडाभराने पहाटे तीन वाजता साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते, आणि साठीनंतरच्या माणसाला चार दिवसांच्या २५० पेक्षा एका रात्रीचे ५० अधिक घातक ठरते. औषधे तीच ठेवली, पाणी भरपूर, जेवण वेळेवर, दिवसातून चारदा तपासणी, आणि आकडा ३५० च्या वर गेला, उलट्या सुरू झाल्या किंवा झापड येऊ लागली तर वेळ-काळ न पाहता फोन करायचा, एवढे ठरवले. इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाला, विशेषतः टाइप १ मधुमेह असेल तर, मी असा थांबण्याचा सल्ला कधीच दिला नसता. तिथे अशा काळात इन्सुलिनची गरज वाढते आणि ते चुकले तर कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्लयुक्त होण्याचा जिवावरचा प्रकार, व्हायला वेळ लागत नाही.

आरटीपीसीआर तीन दिवसांनी निगेटिव्ह आली. १३ एप्रिलला गुढीपाडवा होता. सरांचा फोन आला तो आकडे सांगण्यासाठी, आणि सोबत तक्रारीसाठी, की घरात श्रीखंड आहे आणि त्यांना वाटी दाखवून परत नेली. त्या सकाळची साखर १५१ होती. पुढच्या चार दिवसांत ती १२० च्या आसपास येऊन स्थिरावली. औषधात एका गोळीचाही फरक नव्हता.

लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनेची नोंद मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवली. लस घेतल्यानंतर घडलेली कोणतीही नको असलेली वैद्यकीय गोष्ट कळवायची असते, ती लसीमुळेच घडली अशी खात्री असावी लागत नाही; आणि नेमके हेच बहुतेकांना ठाऊक नसते. त्याच वर्षी दिल्लीतील डॉक्टरांनी टाइप २ मधुमेहाच्या तीन रुग्णांची अशीच हकिकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांचीही साखर कोविशिल्डनंतर तात्पुरती वाढून पूर्ववत झाली होती. ती वाचून मी सरांना फोन केला आणि त्यांना आपण एकटे नसल्याचा आनंद अधिक झाला की आपली बातमी मागे पडल्याचे दुःख, हे मला नीटसे कळले नाही.

जूनअखेर तिमाही तपासणीत त्यांचे एचबीएवनसी ७.२ आले. आधीचे ७.१ होते. साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या या चाचणीत तो आठवडा पूर्ण विरघळून गेला होता. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण महिन्या-दोन महिन्यांतून एकदा प्रयोगशाळेत जाऊन साखर तपासतात, त्यामुळे अशी वाढ कितीजणांत झाली आणि कुणाच्या लक्षातही आली नाही, याचा हिशेब मांडणे अवघड आहे.

कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतर मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे झाले, त्यामुळे सरांची दुसरी मात्रा जुलैत आली. आम्ही दोघांनी तिची तयारी एखाद्या परीक्षेसारखी केली होती. आधीचे तीन दिवस रोज चार नोंदी, नंतरचे सात दिवस रोज चार नोंदी. ताप आला नाही आणि साखरही हलली नाही. या लसीची पहिली मात्रा दुसरीपेक्षा अधिक ताप-अंगदुखी देते असे चाचण्यांतही दिसले होते, तेव्हा हे त्याच्याशी जुळते. पण पहिल्या वेळी ताप उतरल्यावरही साखर आठवडाभर का रेंगाळली, याचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही. सरांनी तसे बोलूनही दाखवले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी खबरदारीची, म्हणजे तिसरी, मात्रा घेतली. त्या वेळी ताप किंचित आला, साखर एकच दिवस १४६ झाली आणि दुसऱ्या दिवशी उतरली.

आता पावसाळ्याआधी फ्लूची लस घेणाऱ्या माझ्या मधुमेही रुग्णांना मी लसीच्या आधीच्याही तीन दिवसांच्या नोंदी करून आणायला सांगते, कारण आधीचा आकडा हातात नसेल तर नंतरच्या आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. सर दरवर्षी ती लस घेतात. वहीतल्या ६ ते १७ एप्रिलच्या ओळींसमोर त्यांनी शेवटी ‘लसीनंतर’ असे लिहिले आहे, ‘लसीमुळे’ असे नाही, आणि मला ते मान्य आहे.